चावी, झाकण आणि काच: पाणबुड्यांचे घड्याळ निवडताना

माझ्या आजोबांच्या घड्याळाच्या तबकडीवर 'सी चीफ' असे नाव आहे. फेवर ल्यूबा कंपनीचे, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे हे घड्याळ त्यांनी केळीच्या पहिल्या चांगल्या हंगामाच्या पैशातून घेतले होते, असे माझे वडील, आबा, सांगतात. ज्याच्या नावातच समुद्र आहे त्याला पाण्याचे काय भय, असे मला लहानपणी वाटत असे. आजोबा मात्र विहिरीत उतरण्यापूर्वी ते काढून बंडीच्या खिशात ठेवत आणि बंडी निंबाच्या फांदीला अडकवत. दोन वर्षांपूर्वी मी ते ऑइलिंगसाठी जळगावला घड्याळवाल्या चाचांकडे नेले. त्यांनी पात्याने मागचे झाकण उचकटले, डोळ्याला भिंग लावले आणि झाकणाची कड नखाने तपासून मला दाखवली. "याला रबरच नाही, भाऊ. झाकण नुसते दाबून बसवलेले आहे. नाव पाण्याचे आहे, घड्याळ पाण्याचे नाही."

चाचांचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले, कारण त्याच सुमारास मी पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांच्या, घड्याळांचा एक छोटा संग्रह करायचे ठरवले होते आणि त्यात पुढचे घड्याळ कोणत्या कंपनीचे घ्यावे या विचारात होतो. संग्रह मोठा करायचा नाही, तीन किंवा फार तर चार घड्याळे, आणि प्रत्येक घड्याळ वापरायचे, कपाटात ठेवायचे नाही, एवढे नक्की होते. पैसा बेताचा असल्याने एका वर्षात एकच खरेदी शक्य होती. म्हणून निवड नीट विचार करून करायला हवी होती, आणि त्या विचाराला जवळजवळ दीड वर्ष लागले.

माझा धंदा या विचाराशी निगडित आहे. चोपड्याला माझे सबमर्सिबल मोटरी भरण्याचे आणि दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडे पाणी वर्षागणिक खाली जात असल्याने आता ६५० फुटांच्या बोअरमध्ये मोटर ५५० फुटांवर सोडावी लागते. पाणी ३८० फुटांवर असेल तर त्या मोटरीच्या डोक्यावर १७० फूट पाणी उभे असते, आणि दहा मीटरला एक किलो या हिशेबाने तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ किलोचा दाब येतो. ऑइल भरलेल्या मोटरीत पाणी शिरले की वाइंडिंग जळते. अशी मोटर उघडल्यावर पाणी कोठून आले ते शोधणे हेच माझे रोजचे काम आहे, आणि ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणांहून आलेले असते: शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथल्या सीलमधून, नाहीतर केबलच्या जोडातून. अखंड धातूतून पाणी शिरत नाही. जिथे काही हलते किंवा जिथे दोन गोष्टी जोडलेल्या असतात, तिथून ते वाट काढते.

मनगटी घड्याळाला अशा तीन जागा असतात: चावी, मागचे झाकण आणि काच. यातली चावी सर्वांत नाजूक, कारण ती ओढली जाते, फिरवली जाते, दाबली जाते आणि तिच्या दांड्यासाठी केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, आरपार भोक पाडलेले असते. घड्याळाची चावी आणि मोटरीचा शाफ्ट यांचे दुखणे एकच आहे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा वारसा तपासताना मी प्रथम हे विचारू लागलो की या तीन जागा बंद करण्यासाठी त्या कंपनीने स्वतः काय शोधून काढले. दुसरा प्रश्न असा की जे शोधले ते पुढे चालू ठेवले, की मध्येच सोडून देऊन नंतर जुने रूप तेवढे परत आणले. आणि तिसरा प्रश्न आपल्याकडचा: हे घड्याळ जळगावात उघडून, रबर बदलून, पुन्हा नीट बंद करता येईल का?

केवळ स्थापनेच्या वर्षावरून वारसा मोजणे मला पटत नाही. ब्लांपँ आपले वर्ष १७३५ सांगते, फेवर ल्यूबा १७३७, लाँजिन १८३२. ही वर्षे आदराची आहेत, पण त्या काळी कोणी घड्याळ घेऊन पाण्याखाली जात नव्हते. पाण्याचा इतिहास विसाव्या शतकातला आहे.

त्या इतिहासाची सुरुवात रोलेक्सपासून करणे न्यायाचे होईल. १९२६ साली त्यांनी ऑयस्टर केस आणली. तिची चावी आणि झाकण दोन्ही आट्यांनी घट्ट बसत. पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडीत पोहणाऱ्या मर्सिडीस ग्लाइट्झ हिच्या गळ्यात ते घड्याळ होते आणि ते चालत राहिले. १९५३ साली तयार झालेल्या सबमरीनरने पाणबुड्यांच्या घड्याळाचे रूप असे काही ठरवून टाकले की आजही बहुतेक कंपन्या त्याच्याच वळणावर जातात. ते घड्याळ माझ्या ऐपतीबाहेरचे असल्याने मी त्यावर अधिक वेळ घालवला नाही, परंतु आट्यांच्या चावीचे ऋण सर्वांनी मान्य केले पाहिजे.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते ब्लांपँच्या गोष्टीने. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्या कंपनीची सूत्रे जाँ-जाक फिश्टर यांच्या हाती होती आणि ते स्वतः पाण्याखाली उतरणारे गृहस्थ होते. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर एकदा पाण्याखाली वेळेचे भान सुटून त्यांच्या टाकीतली हवा संपली आणि घाईने वर यावे लागले. या अनुभवातून त्यांनी स्वतःच्या गरजेसाठी घड्याळ आखायला घेतले. चावीला एकाऐवजी दोन सील दिले, म्हणजे पाण्यात असताना चुकून चावी ओढली गेली तरी आतले सील पाणी अडवील. झाकणाचे रबर बसवताना पिळले जाऊ नये म्हणून त्याला वेगळी खाच दिली. काचेभोवतीची बाहेरची कडी फिरती ठेवली, पण चुकून फिरू नये अशी. शिवाय मशीन ऑटोमॅटिक निवडले, त्यामागचे कारण मला फार आवडले: रोज चावी द्यावी लागली तर चावीचे रबर झिजते, आणि घड्याळ हाताच्या हालचालीने आपोआप भरत असेल तर चावीला हात लावायची वेळच कमी येते. ज्याने सील झिजताना पाहिलेले आहेत त्यालाच असा विचार सुचतो.

त्याच काळात फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांची नवी तुकडी उभी राहत होती. तिचे अधिकारी बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो आपल्या गरजांची यादी हातात घेऊन घड्याळ शोधत होते. काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा आणि बुडी मारताना वेळेची खूण करायला फिरती कडी, असे त्यांचे मागणे होते. ते आणि फिश्टर यांची गाठ पडली आणि १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' आले. फॅदम हे खलाशांचे खोलीचे माप. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि तेव्हाच्या साधनांनी याहून खोल जाणे माणसाला शक्य नाही असे मानले जात असे. पुढे याच घड्याळाच्या लष्करी आवृत्तीत तबकडीवर एक छोटी गोल चकती बसवली गेली, जी आत ओल शिरताच रंग बदलत असे. मोटरीच्या ऑइल चेंबरवर अशी एखादी चकती असती तर आमच्या भागातल्या कितीतरी मोटरी जळण्याआधी बाहेर काढता आल्या असत्या, असे मला ते वाचताना मनापासून वाटले.

पहिल्या प्रश्नाला ब्लांपँइतके भक्कम उत्तर कोणाचेच नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अडचण येते. १९७०च्या दशकात सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत ही कंपनी जवळजवळ थांबली, १९८०च्या दशकात ज्याँ-क्लोद बिव्हर आणि जाक पिगे यांनी तिचे नाव पुन्हा उभे केले, आणि फिफ्टी फॅदम्सचे जुने रूप परत आले ते २००३ साली, पन्नाशीच्या निमित्ताने. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर किमतीतच मिळते. एवढे महागडे घड्याळ चाचांच्या टेबलावर उघडण्याची हिंमत ना मला होईल ना चाचांना.

ओमेगाचे उत्तर वेगळ्या प्रकारचे आहे आणि मोटर दुरुस्त करणाऱ्याला ते विचार करायला लावते. १९३२ साली त्यांनी 'मरीन' नावाचे घड्याळ काढले, ज्यात अख्खे घड्याळ दुसऱ्या बाहेरच्या केसमध्ये सरकवून बंद केलेले होते. १९३६ साली ते जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खोल सोडून तपासले गेले. १९५७ साली सीमास्टर ३०० आले, त्याची 'नायाद' चावी आट्यांची नव्हती. पाण्याचा दाब जितका वाढेल तितके तिचे सील अधिक घट्ट दाबले जाई. कल्पना सुंदर आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की दाब कमी असताना, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातच, तिची पकड सर्वांत ढिली असते. आमच्या विहिरीत तीन-चार मीटरवर पोहणाऱ्यासाठी ही उणीव मोठी ठरते. नंतर ओमेगाने आट्यांची चावी स्वीकारली. आजच्या ओमेगाची एक गोष्ट मात्र माझ्या उपयोगाची आहे: त्यांची नवी मशिने १५,००० गाउसपर्यंतच्या (गाउस हे चुंबकाच्या जोराचे माप) चुंबकाला दाद देत नाहीत. मोटरीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग आणि टेस्टिंग रोजचे असते, आणि घड्याळाचे केसासारखे बारीक स्प्रिंग एकदा चुंबकाने भारले की घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागते, हे मी दोनदा भोगले आहे. ओमेगा याच एका कारणाने माझ्या यादीत बराच काळ राहिली आणि किमतीमुळे उतरली.

लाँजिनच्या 'लेजंड डायव्हर'ने मला मोहात पाडले होते. १९५९च्या मूळ घड्याळाची केस 'कॉम्प्रेसर' जातीची होती. तिचे झाकण स्प्रिंगवर तोललेले असे आणि घड्याळ खोल गेले की पाणीच ते झाकण रबरावर अधिक दाबून बसवत असे. फिरती कडी काचेच्या आत ठेवलेली, आणि ती फिरवायला दुसरी चावी. दोन चाव्यांचे ते रूप डोळ्यांत भरते. २००७ साली लाँजिनने ते घड्याळ परत आणले आणि ३०० मीटरची हमी दिली. परंतु नव्या घड्याळाचे झाकण साधे आट्यांचे आहे, ते दाबाने घट्ट होत नाही. त्याने उत्पादन अधिक खात्रीचे झाले असेल, आणि ३०० मीटर काही थोडे नव्हेत. तरी ज्या युक्तीमुळे मूळ घड्याळाला मान मिळाला ती युक्तीच आत नसेल, तर मी पैसे कशाचे देणार, हा प्रश्न मला टाळता आला नाही. जी फिरणारी दुसरी चावी जुन्या रूपाखातर ठेवली आहे, तिने पाण्याला आणखी एक दार मात्र उघडून दिले आहे.

डोक्साबद्दल मला वेगळीच ओढ आहे. १९६७ साली आलेल्या त्यांच्या 'सब ३००'ची तबकडी नारिंगी होती, आणि तो रंग न्यूशातेल सरोवराच्या पाण्यात उतरून, वेगवेगळे रंग पाहून ठरवला गेला होता. कडीवर अमेरिकी नौदलाच्या कोष्टकाचे आकडे कोरलेले होते, म्हणजे अमुक खोलीवर किती मिनिटे राहिले तर वर येताना मध्ये थांबावे लागणार नाही, हे मनगटावरच वाचता येत असे. श्रावणात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीचे पाणी ज्या रंगाचे होते ते पाहिलेल्या माणसाला नारिंगी तबकडीचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. डोक्साचाही धागा मध्ये बरीच वर्षे तुटला होता, पण आज ते घड्याळ जवळजवळ त्याच मापात आणि त्याच कोष्टकासह मिळते. कधीतरी चौथे घड्याळ घेतले तर ते हेच असावे, असे मी मनाशी ठरवून ठेवले आहे.

आपल्याकडच्या वाचकांना राडो आणि फेवर ल्यूबा यांविषयी वेगळे सांगायला नको. खान्देशात लग्नात जावयाला राडो देणे ही एके काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्यांचे १९६२चे 'कॅप्टन कुक' २०१७ साली परत आले. त्याच्या तबकडीवरचा छोटा नांगर हात हलताच फिरतो, आणि तो जड फिरू लागला की ऑइलिंगची वेळ झाली असे जुने कारागीर समजतात. फेवर ल्यूबाचा आणि मुंबईचा संबंध तर १८६५पासूनचा. १९६८ साली त्यांनी 'बॅथी' नावाचे घड्याळ काढले, ज्यात खोली दाखवणारा स्वतंत्र काटा होता. सगळ्या कंपन्या पाणी बाहेर ठेवण्यासाठी झटत असताना यांनी मागच्या झाकणाला छिद्रे ठेवून पाणी मुद्दाम आत घेतले. आत एक बंद पडदा होता, पाण्याने तो दाबला जाई आणि त्यावरून काटा खोली सांगे, तर मशीन त्या पडद्याच्या पलीकडे कोरडे राही. एवढी धाडसी कल्पना ज्या कंपनीने केली तिच्या नावाचे घड्याळ माझ्या घरात आहे, याचा मला अभिमान वाटतो. पुढे ही कंपनी अनेक हातांतून गेली, २०११ साली टायटनकडे आली, आता दुसऱ्या भारतीय समूहाकडे आहे आणि २०२४ साली जिनिव्हात तिने नव्याने पाऊल टाकले. तिची नवी घड्याळे दुरुस्तीला कशी उतरतात ते कळायला काही वर्षे जावी लागतील, म्हणून मी थांबलो.

शेवटी दोन नावे उरली: ट्यूडर आणि सिको.

ट्यूडर ही रोलेक्सच्याच संस्थापकाने, हान्स विल्सडॉर्फ यांनी, उभी केलेली कंपनी. रोलेक्सची केस आणि बाहेरून घेतलेले मशीन असा मेळ घालून कमी किमतीत टिकाऊ घड्याळ द्यायचे, हा तिचा हेतू. १९५४ साली त्यांचे सबमरीनर आले आणि फ्रेंच नौदलाने ते अनेक वर्षे वापरले. नौदल केवळ घड्याळे घेत राहिले नाही, वापरून काय बिघडते आणि काय दिसत नाही हेही कळवत राहिले. १९६९मध्ये आलेले चौकोनी टोकाचे रुंद काटे अंधाऱ्या पाण्यात स्पष्ट दिसतात, आणि तेच काटे आजच्या ब्लॅक बे मालिकेवर आहेत. २०१८ सालचे 'ब्लॅक बे फिफ्टी-एट' ३९ मिलिमीटरचे, १२ मिलिमीटरहून किंचित कमी जाडीचे आणि ७० तास चालणारे आहे. मुंबईच्या दुकानात मी ते हातात घातले तेव्हा मनगटावर ते जसे सपाट बसले तसे दुसरे कोणतेही घड्याळ बसले नव्हते. कडी फिरवताना प्रत्येक टप्प्याचा आवाज बारीक आणि कोरडा येत होता, नव्या बेअरिंगसारखा. तरी त्याचे मशीन कंपनीबाहेर कोणाला उघडता येणे कठीण, आणि दर काही वर्षांनी ते चोपड्याहून दूर पाठवून महिनाभर वाट पाहणे मला मानवणारे नव्हते.

सिकोकडे वळण्यापूर्वी एक चूक सांगितली पाहिजे. सहा वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून 'जुने, अस्सल' म्हणून पाण्याचे एक घड्याळ घेतले होते. फोटोत तबकडी अगदी नवी दिसत होती, आणि तीच गोष्ट मला खटकायला हवी होती. तबकडी नव्याने रंगवलेली होती, कडी भलत्याच घड्याळाची होती, आणि आतले रबर चपटे होऊन फुटाणा भाजल्यासारखे कडक झाले होते. विहिरीत पहिल्याच बुडीनंतर काचेच्या आतून धुके धरले आणि दोन दिवसांत काट्यांवर गंज आला. तेव्हापासून जुने पाण्याचे घड्याळ केवळ पाहायचे आणि पाण्यासाठी नवे घ्यायचे, हा माझा नियम झाला.

सिकोने १९६५ साली जपानचे पहिले पाणबुड्यांचे घड्याळ काढले. ते १५० मीटरचे होते आणि जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या लोकांनी ते वापरले. पण माझे मत बदलले ते पुढच्या घटनेने. १९६८ साली हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावच्या एका व्यावसायिक पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिले की अतिखोल पाण्यात काम करताना तुमची घड्याळे टिकत नाहीत. असे पाणबुडे दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत राहतात आणि श्वासासाठी हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे कण इतके बारीक असतात की ते रबरातूनही घड्याळात शिरतात, आणि माणूस वर येऊन दाब उतरला की आत कोंडलेला वायू काच उडवून लावतो. स्वित्झर्लंडच्या कंपन्यांनी यावर उपाय म्हणून केसला झडप बसवली, जिच्यातून तो वायू बाहेर पडेल. सिकोने सात वर्षे खर्च करून उलट वाट धरली. इकुओ तोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेखालच्या रबराचा छेद एल अक्षरासारखा केला, केस मागच्या झाकणाशिवाय एकसंध घडवली आणि १९७५ साली ६०० मीटरचे टायटॅनियमचे असे घड्याळ दिले की ज्यात हेलियम शिरतच नाही, म्हणून त्याला झडपेची गरजच नाही. एक दार कमी केले की गळतीची एक जागा कमी होते, हे मी माझ्या मुलांना, म्हणजे वर्कशॉपमधल्या पोरांना, रोज सांगतो. एका कामगाराच्या पत्राला सात वर्षांच्या मेहनतीने उत्तर देणारी कंपनी मला आपली वाटली.

शिवाय सिकोने पाण्याची घड्याळे काढणे कधी थांबवले नाही. १९६५च्या घड्याळाचे नवे रूप त्यांनी २०२० साली काढले: ४०.५ मिलिमीटर, २०० मीटर, आट्यांची चावी, ७० तास चालणारे मशीन. त्याचे दोष मी नीट पाहून घेतले. कंपनीच्या कागदावरच दिवसाला १५ सेकंद मागे ते २५ सेकंद पुढे एवढी सूट घेतलेली आहे, ट्यूडर याहून कितीतरी काटेकोर चालते. चुंबकाविरुद्ध त्याचे संरक्षण नियमापुरतेच, म्हणून टेस्टिंगच्या टेबलाजवळ जाताना ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवावे लागते. जाडीही १३ मिलिमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे पूर्ण बाहीच्या शर्टाखाली ते अडते. पण चाचांनी त्या जातीची मशिने शेकड्यांनी उघडलेली आहेत, रबर आणि चावी मिळते, आणि त्यांच्याकडे हवेच्या दाबावर घड्याळ तपासण्याचे छोटे यंत्र आहे.

घरी मी सिको घेतल्याचे सांगितले तेव्हा आबांनी एवढेच विचारले, "इतला पैसा कसाले? टाइम ते मोबाइलमा बी दिखस." मी त्यांना फिरती कडी दाखवली. रात्रीच्या पाळीची लाइट आली की मोटर सुरू होते आणि ठिबकमधून खत सोडायला ४० मिनिटे मोजावी लागतात. चिखलाच्या हाताने, अंधारात, कडीचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणला की पुढे पाहत राहायचे. कडी एकाच दिशेने फिरते, कारण पाण्याखाली धक्का लागून ती सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दाखवावा, कमी कधीच नाही. आबांनी ती दोन-तीनदा फिरवून पाहिली, उलट फिरत नाही याची खात्री केली आणि घड्याळ मला परत दिले. आज पाणबुड्यांच्या हातावर खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतो, तारकर्लीला मी मुलासह उतरलो तेव्हा आमच्या प्रशिक्षकाच्या हातावरही तोच होता. तरी काट्यांच्या घड्याळाचा हा साधा हिशेब अजून चुकत नाही.

पाणबुड्यांच्या घड्याळासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५, त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची कसोटी आहे. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसली पाहिजे अशीही अट आहे. तिच्यासोबतची एक कसोटी मला आमच्या चैत्र-वैशाखासाठीच लिहिल्यासारखी वाटते. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचे आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. मिनिटाने थेंब पुसल्यावर काचेच्या आतून धुके दिसले तर घड्याळ नापास.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी घड्याळ तासभर विहिरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. हाताला लावता येत नव्हते इतकी केस तापली होती. रुमालाने धरून ते मनगटावर बांधले, चावीचे आटे पुन्हा एकदा तपासले आणि मुलाला कडीवर वेळ लावायला सांगून उडी मारली. वर येऊन पायरीवर बसलो तेव्हा काचेवर बाहेरून थेंब होते. मुलाने ते बोटाने पुसले, काच तिरकी करून उजेडात धरली आणि आत काहीच दिसत नाही असे सांगितले. सध्या ते दिवसाला ९ सेकंद पुढे जाते. पुढच्या चैत्रात रबर तपासायला चाचांकडे नेईन तेव्हा ही चालही बसवून घेणार आहे.